तो ‘ओ’ आला कुठून? डेटा वाचणाऱ्या यंत्राला चूक सापडते, पण सांगता का येत नाही

जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बहुतेकांनी पडद्यावर ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते: “अनएक्स्पेक्टेड टोकन ओ इन जेसन ॲट पोझिशन १”. मराठीत सांगायचे तर, जेसन या पद्धतीत लिहिलेला डेटा वाचत असताना क्रमांक १ च्या जागी ‘ओ’ हे रोमन अक्षर आढळले आणि ते तेथे अपेक्षित नव्हते. तक्रार नेमकी आहे, जागाही दिली आहे. तरीही वाचणारा आपली फाइल उघडून पाहतो तेव्हा त्याला त्या जागी ‘ओ’ दिसत नाही, आणि पुष्कळदा मुळात कोणती फाइल उघडायची हेच त्याला कळत नाही. असे संदेश सुधारण्यासाठी अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये वेगळ्या लायब्ररी लिहिल्या गेल्या आहेत. डेटा वाचणारा कोड हाताशी असताना केवळ चूक नीट सांगण्यासाठी आणखी कोड का लागावा, हे समजून घ्यायचे तर यंत्र मजकूर कसे वाचते तेथून सुरुवात करावी लागते.

## यंत्र मजकूर कसे वाचते

दोन प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात तेव्हा ती बहुधा साध्या मजकुराच्या रूपात, पण ठरलेल्या मांडणीत दिली जाते. अशा माहितीला संरचित डेटा म्हणतात, आणि जेसन ही तिची फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक पद्धत आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. तिचे आजचे नियम इंटरनेटची प्रमाणे मांडणाऱ्या आरएफसी या मालिकेतील २०१७ च्या ८२५९ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत. नियम मोजकेच आहेत: नोंद महिरपी कंसात, यादी चौकटी कंसात, नाव आणि मूल्य यांच्यामध्ये अपूर्णविराम, दोन जोड्यांच्या मध्ये स्वल्पविराम, आणि शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत. मोजके असले तरी ते कडक आहेत. शेवटच्या जोडीनंतर जास्तीचा स्वल्पविराम चालत नाही, टीप लिहिण्याची सोय नाही, आणि संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते. (देवनागरी अंक या व्याकरणाला संख्या म्हणून मान्य नाहीत, म्हणून खालच्या नमुन्यात मी संख्या टाळल्या आहेत.)

हा मजकूर वाचून प्रोग्रॅमला वापरता येईल अशी रचना त्यातून उभी करणाऱ्या कोडला पार्सर म्हणतात, आणि कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल अशा तयार कोडला लायब्ररी. पार्सरचे काम श्रुतलेखन घेणाऱ्यासारखे असते. ज्याला भाषा येते तो समोरच्याचे वाक्य अर्धे झाले की पुढे काय येऊ शकते आणि काय येऊ शकत नाही हे ओळखून असतो. पार्सरचेही तसेच आहे: नाव वाचून झाले की अपूर्णविराम यायला हवा, मूल्य वाचून झाले की एक तर स्वल्पविराम किंवा मिटणारा कंस. जे यायला हवे ते सोडून दुसरे काही आले की तो थांबतो. थांबण्याच्या त्या क्षणी त्याच्याकडे किती माहिती असते, आणि त्यातली किती बाहेर येते, यावर संदेशाचा दर्जा ठरतो.

## आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पुढील नोंद पाहावी.

```
{
  "शीर्षक": "पावसाची नोंद",
  "केंद्र": "उत्तर"
  "दिवस": "सोमवार"
}
```

तिसऱ्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम राहिला आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणारा जेसन पार्सर मात्र “स्वल्पविराम अपेक्षित” असे सांगताना चौथ्या ओळीच्या तिसऱ्या स्तंभाकडे, म्हणजे त्या ओळीतील तिसऱ्या चिन्हाच्या जागेकडे, बोट दाखवतो. यात त्याचे काही चुकलेले नाही. तिसरी ओळ संपली तेव्हा त्याच्या दृष्टीने सारे ठीक होते. स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या आरंभी आला असता तरी जेसनला ते चालले असते. गडबड झाल्याचे त्याला कळले ते चौथ्या ओळीतील अवतरणचिन्ह समोर आल्यावर. चूक घडते ती जागा आणि चूक उघडकीला येते ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पार्सरला स्वभावतः दुसरीच ठाऊक असते. चौथी ओळ दहा वेळा वाचूनही तिच्यात काही वावगे न सापडल्याने गोंधळलेला माणूस हा या भेदाचा बळी असतो.

न मिटलेल्या कंसाच्या बाबतीत हे अंतर कमालीचे वाढते. आरंभी कुठेतरी उघडलेला कंस मिटवायचा राहिला, तर तक्रार येते ती फाइल संपल्यावर: “मजकूर अनपेक्षितपणे संपला”. वास्तविक कोणता कंस कोणत्या क्रमाने उघडला याची चळत पार्सरला ठेवावीच लागते, नाहीतर तो कंसांच्या जोड्या लावूच शकणार नाही. त्या चळतीत प्रत्येक कंसाबरोबर तो कुठे उघडला हेही टिपून ठेवले, तर “अमुक ओळीत उघडलेला कंस मिटलेलाच नाही” असे सांगता येते. पायथॉनने स्वतःच्या कोडमधील चुकांसाठी नेमके हेच २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीत केले. तोवर त्या भाषेला तीस वर्षे होऊन गेली होती, यावरून अशा सुधारणांना किती सावकाश प्राधान्य मिळते हे दिसते.

## हातची माहिती फेकून देण्याची सवय

माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. चांगला संदेश देणारी लायब्ररी पार्सरपेक्षा हुशार असते असे नाही. पार्सरने किंवा त्याला बोलावणाऱ्या कोडने जे फेकून दिले असते, ते ती जपून ठेवते.

सर्वांत साधे उदाहरण फाइलच्या नावाचे. पार्सरला फाइल दिली जात नाही, फाइलमधला मजकूर दिला जातो, त्यामुळे तो कोठून आला हे त्याला ठाऊक नसते. ज्या कोडने फाइल उघडली त्याला नाव ठाऊक असते, पण चूक त्याच्या हातून घडलेली नसते. या दोघांच्या मध्ये नाव हरवते. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना चाळीस फाइली वाचत असेल, तर “ओळ ४, स्तंभ ३” या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. जावास्क्रिप्टमधील पार्स-जेसन ही छोटी लायब्ररी याच फटीत बसते: ती फाइलचे नाव मागून घेते, चूक आल्यास ते संदेशात घालते, आणि चुकीच्या आजूबाजूच्या ओळी छापून नेमक्या अक्षराखाली बाणासारखी खूण करते. संपूर्ण मजकूर जागा वाचवण्यासाठी एकाच लांबलचक ओळीत दाबलेला असतो तेव्हा तर या खुणेशिवाय गत्यंतर नसते, कारण “ओळ १, स्तंभ ४८२१३” ही जागा डोळ्यांनी शोधणे कोणालाही शक्य नाही.

दुसरे उदाहरण मार्गाचे. येथे मार्ग म्हणजे नोंदीच्या आत नोंद, तिच्या आत यादी, अशा घरट्यांतून विशिष्ट मूल्यापर्यंत जाणारी वाट. “येथे शब्द हवा होता, संख्या मिळाली” हे वाक्य दोनशे नोंदींच्या यादीत निरुपयोगी आहे. “ग्राहक, त्यातील तिसरा, त्याचा पत्ता, त्यातील पिनकोड” अशी वाट दिली की हात थेट तेथे जातो. अशी वाट लिहिण्याची एक प्रमाण पद्धतही २०१३ च्या आरएफसी ६९०१ मध्ये ठरवून दिलेली आहे. तीत यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिसरा ग्राहक तेथे २ या क्रमांकाने दिसतो, आणि नवख्या वाचकाची एकदा तरी फसगत होते. रस्ट भाषेत डेटा वाचण्यासाठी सर्डे ही लायब्ररी रूढ आहे, आणि तिच्या संदेशांना केवळ ही वाट जोडून देण्यासाठी सर्डे-पाथ-टू-एरर नावाची वेगळी लायब्ररी लिहावी लागली. आत उतरताना पार्सर ती वाट स्वतःच चाललेला असतो. फक्त ती कोणी टिपून ठेवलेली नसते.

तिसरा प्रकार अधिक अवघड आहे, आणि चांगल्या व सुमार लायब्ररीतला फरक येथे उघड होतो. काही ठिकाणी डेटाची एकाहून अधिक रूपे चालतात. समजा, पत्ता एका ओळीत दिला तरी चालतो, किंवा घर, रस्ता, शहर असा तुकड्यांत दिला तरी चालतो. पार्सर पहिले रूप लावून पाहतो, जमले नाही की दुसरे, आणि कोणतेच जमले नाही की हात वर करतो. सर्डेमध्ये अशा वेळी येणारा “दिलेला डेटा कोणत्याही पर्यायाशी जुळला नाही” या अर्थाचा संदेश रस्ट लिहिणाऱ्यांमध्ये चांगलाच कुप्रसिद्ध आहे. वस्तुतः प्रत्येक पर्याय कुठे आणि का अडला हे त्या त्या वेळी कळलेले होते. पुढचा पर्याय हाती घेताना आधीचे कारण टाकून दिले गेले. बरे, सगळी कारणे छापावीत तर पाच पर्यायांची पाच गाऱ्हाणी समोर येतात, ज्यांतली चार असंबद्ध असतात. यावर वापरला जाणारा एक तोडगा असा, की जो पर्याय मजकुरात सर्वांत पुढपर्यंत जाऊन अडला त्याचीच तक्रार सांगायची. ज्याने पत्त्यातील घर आणि रस्ता बरोबर लिहून शहराच्या नावात गफलत केली, त्याच्या मनात तुकड्यांचेच रूप असणार हा त्यामागचा अंदाज आहे. अंदाजच तो, पण बहुतेकदा खरा ठरतो.

## पहिल्याच अक्षराला ठेच

आता त्या ‘ओ’ कडे वळू. पार्सरला द्यायचा असतो मजकूर, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अनवधानाने आधीच वाचून तयार झालेली वस्तू पुन्हा त्याच्याकडे दिली. जावास्क्रिप्ट अशा वस्तूचे निमूटपणे मजकुरात रूपांतर करते, आणि तो मजकूर होतो चौकटी कंसातील “ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट” हे दोन रोमन शब्द. पार्सरला पहिला चौकटी कंस दिसतो, तो यादीचा आरंभ समजतो, आणि पुढचेच अक्षर ‘ओ’ निघते. मोजणी शून्यापासून असल्याने त्याची जागा १. म्हणजे हा ‘ओ’ कोणत्याही फाइलमध्ये नव्हताच. तो वाटेत तयार झाला होता.

याच कुळातला दुसरा संदेश शून्याच्या जागी ‘लहान आहे’ हे गणिती चिन्ह सापडल्याची तक्रार करतो. त्याचा खरा अर्थ बहुधा असा असतो, की सर्व्हरकडून जेसन येण्याऐवजी वेबपान आले, कारण वेबपानाचा मजकूर त्याच चिन्हाने सुरू होतो. पुष्कळदा ते पान “मागितलेली गोष्ट सापडली नाही” असे सांगणारेच असते. पायथॉनमध्ये “ओळ १, स्तंभ १ येथे मूल्य अपेक्षित होते” असे आले तर बऱ्याचदा समोर रिकामा मजकूर असतो. अशा प्रसंगी जागेची माहिती फसवी ठरते. आत काय मिळाले याचे पहिले काही शब्द दाखवले तर मात्र उलगडा क्षणात होतो. म्हणूनच क्रोम हा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड ज्यावर चालतात त्या व्ही-८ इंजिनने आपला संदेश बदलून त्यात मिळालेल्या मजकुराचा तुकडा घातला, आणि नोडच्या नव्या आवृत्त्यांत तो दिसतो. “ऑब्जेक्ट” हा शब्द डोळ्यांसमोर आला की अनुभवी माणसाला पुढचे काही सांगावे लागत नाही.

## ‘क्षि’ हे अक्षर किती अक्षरांचे?

जागा सांगायची तर मोजावे लागते, आणि मोजायचे काय हे ठरलेले नाही. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांनी बनते, आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने एकूण बारा बाइट व्यापते. गो भाषेतील प्रमाण जेसन पार्सर चुकीची जागा बाइटमध्ये देतो, पायथॉन चिन्हांमध्ये देतो, आणि एडिटरमधला कर्सर तिसऱ्याच हिशेबाने चालू शकतो. सारा मजकूर रोमन लिपीत असेल तर हे तिन्ही हिशेब सहसा जुळतात, म्हणून ही अडचण अनेक लायब्ररींच्या कर्त्यांच्या लक्षातच येत नाही. मजकूर देवनागरी असेल तर बाणाची खूण भलत्याच अक्षराखाली जाऊन बसते. मोजणी कोणतीही असो, ती कशाची आहे हे लायब्ररीने स्पष्ट लिहावे, आणि शक्य तेथे आकड्याबरोबर मूळ ओळही छापावी.

## व्याकरण शुद्ध, पण अर्थ चुकीचा

“दगडाने पाणी प्यायले” हे वाक्य व्याकरणाला धरून आहे. जेसनमध्येही वयाच्या जागी “निळा” असे लिहिले तर पार्सरची काही हरकत नसते. म्हणून त्यापुढे दुसरी चाळणी लागते: कोणते नाव हवेच, कोणत्या जागी कोणत्या प्रकारचे मूल्य चालते, याचा आराखडा देऊन डेटा त्यावर ताडून पाहायचा. याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि पायथॉनमधील पायडँटिक किंवा टाइपस्क्रिप्टमधील झॉड या लायब्ररी हे काम करतात.

या टप्प्यावर सगळ्या चुका एकाच वेळी सांगणे शक्य होते. अर्ज घेऊन गेलेल्याला खिडकीवरून आज सही नाही म्हणून, उद्या तारीख नाही म्हणून परत पाठवले की त्याचा जसा संताप होतो, तसाच एकेक चूक सांगणाऱ्या प्रोग्रॅममुळेही होतो. व्याकरणाच्या टप्प्यावर मात्र हे धोक्याचे आहे. एक अवतरणचिन्ह राहिले की पुढचा मजकूर आतला बाहेर आणि बाहेरचा आत वाचला जातो; तसेच रेटून पुढे वाचत राहिले तर एका खऱ्या चुकीमागे वीस खोट्या चुका निघतात. तेथे पहिल्या चुकीवर थांबणेच शहाणपणाचे.

नावांच्या बाबतीत आणखी एक सोय करता येते. आराखड्यात ‘केंद्र’ असताना कोणी ‘केद्र’ लिहिले, तर “तुम्हाला ‘केंद्र’ म्हणायचे होते का?” असे विचारता येते. दोन शब्दांत किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतील ही संख्या त्यासाठी मोजतात. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेले हे माप आहे. ते एक किंवा दोन असेल तरच सुचवावे, नाहीतर सूचना विनोदी होऊ लागतात.

## “यंत्राला कळतेच आहे, तर त्यानेच दुरुस्त का करू नये?”

हा आक्षेप सर्वांत स्वाभाविक आहे, आणि त्याला जुना वारसा आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये आरएफसी ७६१ या दस्तऐवजात असे तत्त्व लिहिले, की देताना काटेकोर राहावे आणि घेताना उदार असावे. ब्राउझर वेबपानांच्या बाबतीत तसेच वागतात. मोडके पानही ते कसेबसे दाखवतात. याउलट एक्सएमएल या संरचित डेटाच्या दुसऱ्या पद्धतीच्या १९९८ च्या प्रमाणात मांडणीची घातक चूक आढळली की नेहमीचे वाचन थांबवलेच पाहिजे असा दंडक आहे. पान दिसण्यापुरते उदार धोरण खपून जाते, कारण चुकले तर ते डोळ्यांना दिसते. डेटाच्या बाबतीत चुकीचा अंदाज दिसतच नाही.

यॅमल या संरचित डेटाच्या आणखी एका पद्धतीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेला इंग्रजी ‘नो’ हा शब्द ‘असत्य’ म्हणून वाचला जातो. देशांच्या संकेतांच्या यादीत नॉर्वेचा संकेत नेमका तीच दोन अक्षरे आहे, त्यामुळे यादीतून एक देश नाहीसा होऊन तेथे ‘असत्य’ हे मूल्य उगवते. तक्रार नाही, संदेश नाही. ‘ध’ चा ‘मा’ होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा नियम काढला, पण जुन्या नियमाने वाचणाऱ्या लायब्ररी अजून वापरात आहेत. पोस्टेल यांच्या तत्त्वाची अशीच उलटतपासणी २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये आली आहे: उदारपणे खपवून घेतलेल्या चुका कालांतराने रूढ होतात आणि मग सर्वांनाच त्या सांभाळाव्या लागतात. मला मधला मार्ग पटतो. दुरुस्ती सुचवावी, करू नये. पायथॉनच्या ३.१३ आवृत्तीत शेवटच्या जास्तीच्या स्वल्पविरामासाठी “कंस मिटण्यापूर्वी स्वल्पविराम चालत नाही” या अर्थाचा खास संदेश आला. पूर्वी त्याच चुकीला “दुहेरी अवतरणचिन्हांतील नाव अपेक्षित” असे उत्तर मिळे, जे खरे होते आणि बुचकळ्यात टाकणारेही. स्वल्पविराम गुपचूप गिळून पुढे जाण्यापेक्षा हे बरे.

## “याने वेग कमी होत नाही का?”

प्रत्येक अक्षरागणिक ओळ आणि स्तंभ मोजत बसले तर होतो. पण तसे करावे लागत नाही. पायथॉनचा पार्सर वाचताना फक्त आरंभापासूनचे अंतर सांभाळतो. चूक आलीच तर मूळ मजकूर पुन्हा आरंभापासून पाहून त्या अंतरापर्यंत किती ओळी झाल्या हे मोजतो. हा खर्च चूक झाली तरच, आणि तोही एकदाच होतो. आतली वाट टिपण्याला थोडा खर्च येतो हे खरे. तो टाळायचा असेल तर आधी वाट न टिपता वाचावे आणि अडल्यावर तोच मजकूर वाट टिपत दुसऱ्यांदा वाचावा. यासाठी मूळ मजकूर जवळ असावा लागतो, आणि डेटा नेटवर्कवरून वाहत येत असेल तर तो जवळ नसतो. तेवढ्यापुरता हा आक्षेप खरा आहे.

## “संदेशातून गुपित बाहेर पडले तर?”

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्या ओळीत चूक आहे तीच छापायची म्हटले, आणि त्या ओळीत पासवर्ड असेल, तर तो नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जाऊन बसतो. लॉग वाचण्याची मुभा पासवर्ड पाहण्याच्या मुभेपेक्षा सहसा बऱ्याच अधिक जणांना असते. पायडँटिकमध्ये चुकीचे मूल्य संदेशात न दाखवण्याची सोय याचसाठी आहे, मात्र ती वापरणाऱ्याला स्वतः चालू करावी लागते. जागा, वाट आणि काय अपेक्षित होते एवढे दाखवायला सहसा हरकत नसते. प्रत्यक्ष मूल्य कोणाला दिसावे हा निर्णय लायब्ररीचा नसून ती वापरणाऱ्याचा आहे, आणि म्हणून हे भाग एकाच वाक्यात शिवून न टाकता लायब्ररीने ते सुटे सुटे द्यायला हवेत.

सुटे भाग देण्याला दुसरेही एक कारण आहे. संदेश माणसांसाठी लिहिलेला असला तरी प्रोग्रॅमही तो वाचतात: त्यातील शब्द जुळवून कोणती चूक आहे हे ओळखणारा कोड सर्रास लिहिला जातो. नोडमध्ये संदेश अधिक स्पष्ट झाला तेव्हा जुने शब्द अपेक्षित धरणाऱ्या चाचण्या ठिकठिकाणी मोडल्या, आणि सुधारणेचे स्वागत तक्रारींनी झाले. चुकीचा प्रकार, तिची जागा आणि वाट ही वेगळ्या, न बदलणाऱ्या रकान्यांत दिलेली असती, तर त्या कोडला वाक्यातील शब्द तपासण्याची गरजच पडली नसती, आणि वाक्य सुधारायला लायब्ररीचे कर्ते मोकळे राहिले असते.